नरसिंगराव आवक-जावकवाले

नरसिंगरावकाकांना हाक मारली की ते दुसऱ्या हाकेला ओ देतात. पहिली हाक कानापर्यंत पोचते, पण त्या वेळी काका तिथे नसतात. मला याचा भारी राग येतो. मी इथल्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका, मला एकदा सांगून काम झालेलं आवडतं, आणि माझ्या जिभेला गाव टरकून असतं हेही मला ठाऊक आहे. काकांवर मात्र त्या जिभेचं काही चालत नाही. आपण तावातावानं बोलून दमावं आणि त्यांनी मग खिडकीवरून नजर काढून शांतपणे विचारावं, "सुवर्णा, काय म्हनून राह्यली होतीस?"

तेलंगणातल्या आमच्या बाजारहत्नूरच्या मंडल कचेरीत, म्हणजे तुमच्याकडच्या तहसिलीत, काकांनी चौतीस वर्षं एकाच टेबलावर काढली. साहेबलोक त्या टेबलाला 'इनवर्ड-औटवर्ड' म्हणत, काका आपले 'आवक-जावक' म्हणत, आणि गावानं त्यांचं आडनावच ते करून टाकलं. आलेल्या कागदावर नंबर, तारीख, शिक्का. जाणाऱ्या कागदावर नंबर, तारीख, शिक्का. आत काय लिहिलंय ते वाचायचं कामच नाही. पण काका लिफाफा हातात घेऊन उगीच थांबायचे. त्याला धुराचा वास येतो का, शेणानं सारवलेल्या घराचा येतो का, हे बघायचे, आणि मग मनानं त्या लिफाफ्याच्या मागे-मागे उलटे चालत त्याच्या गावाला जाऊन यायचे. साहेब ओरडायचे. पण चौतीस वर्षांत त्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही, हे ओरडणारे साहेबही कबूल करायचे.

दुसऱ्याच्या वतीनं अर्ज लिहून देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही.

विनोदिनीबाई त्यांच्या पत्नी. मी त्यांना 'काकू' न म्हणता 'बाई' म्हणते, कारण याच शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर बाई घरी बसतील असं ज्यांना वाटलं ते बाईंना ओळखत नव्हते. त्यांनी कापूस-ज्वारीच्या शेतात राबणाऱ्या आठ बायका गोळा केल्या आणि रोज दुपारी चारला आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत वर्ग भरवला. खोली तीच का, तर तिथला पंखा फिरतो म्हणून. सोनाबाई त्यांतलीच, साठीला आलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं आणि मग आठवडाभर तेच लिहीत बसली.

आषाढात एका सकाळी बाई मागच्या दाराशी कोसळल्या. मेंदूला झटका. आधी आदिलाबाद, मग हैदराबाद. तिथे त्यांचा मुलगा अपूर्व आणि सून जान्हवी असतात. जीव वाचला, हातात हळूहळू बळ आलं, पण बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द तेवढा येत नाही. बाईंचा शब्द येत नाही, हे ऐकून मी फोनवर जान्हवीलाच रागावले, जणू काही तिनंच तो कुठेतरी ठेवून दिलाय.

काका चाळीस दिवस तिथे राहिले आणि मग एकटेच परत आले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घर बंद पडून राह्यलं होतं." खरं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं. बाईंना बोलायला शिकवणारी एक मुलगी रोज यायची. ती बाईंना विचारायची, "सकाळी काय खाल्लंत?" की काका म्हणायचे, "खिचडी." ती विचारायची, "झोप लागली?" की काका, "बरी लागली." चार दिवस तिनं सहन केलं. पाचव्या दिवशी काकांना बाहेर बोलावून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "अंकल, आप ही बोलते रहेंगे तो वो क्यों बोलेंगी?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं काका निघाले.

हे ऐकून आधी मला त्या मुलीचा राग आला, मग काकांचा, आणि घरी येऊन कणीक मळताना मी रडले.

मध्ये एकदा आम्ही माझ्या फोनवरून बाईंना बघायचा प्रयत्न केला. एका फोनसमोर आठ डोकी, आठ तोंडांतून "बाई! बाई!" बाईंनी दोन क्षण बघितलं आणि फोन पालथा घालून ठेवला. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही म्हणे. जान्हवीनं मग समजावून सांगितलं. गलका झाला की बाई आणखी आत जातात. एका वेळी एक चेहरा, एक आवाज पाहिजे, आणि वर्गात जशी जिची-तिची जागा असायची तशी असली तर फारच बरं. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, असंही ती म्हणाली.

महिने कुठले, आमच्याकडे दिवसच होते. पोळा होऊन गेला होता. दसऱ्याला कापूस फुटायला लागतो आणि मग संक्रांतीपर्यंत यांतल्या एकाही बाईला दुपार नसते. बाईंना आपला वर्ग बघायला मिळायचा तर दसऱ्याच्या आत.

खोलीत आठ जुने कॉम्प्युटर होते, कुठल्याशा कंपनीनं दान दिलेले, आपसात तारांनी जोडलेले. त्यांच्यावर लिनक्स चालतं, कारण दुसरं काही त्यांना पेलवत नाही. इंटरनेटची तार मात्र एकच, ती माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला. मी म्हटलं, शनिवारी आदिलाबादला चाललेच आहे, नेट वाटून देणारा डबा आणते, लावला की झालं. त्या दिवशी काकांनी पहिल्या हाकेला उत्तर दिलं.

"नको. हे मले करू दे, सुवर्णा. तिच्या वतीनं बोलन्याबिगर मले तिच्यासाठी दुसरं काई येते का नाई, ते पाहू दे."

मी डब्याचा विषय तिथेच सोडला. हे माझ्या बाबतीत वारंवार घडत नाही.

अपूर्वनं फोनवरून युक्ती सांगितली. एका कॉम्प्युटरला नेटवर्कची दोन कार्डं बसवायची, एकात बाहेरची तार, दुसऱ्यात आत वाटायची तार, आणि मधल्या कॉम्प्युटरनं देवाणघेवाण सांभाळायची. त्यानं एक जादा कार्ड, आठ छोटे कॅमेरे आणि इंग्रजीतले सात छापील कागद पार्सलनं पाठवले. काकांनी कागदांच्या कोपऱ्याला भोक पाडलं, दोरा ओवला आणि वर कचेरीतल्या फायलीवर लिहितात तसं 'मिसल' लिहिलं. माझा ऑफिसातला कॉम्प्युटर उचलून खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीशी आला. कार्ड त्यांनी स्वतः बसवलं, स्क्रू पिळताना जीभ दातांत धरून.

मग त्यांनी जुन्या लिफाफ्याच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन कार्डांच्या वर चिकटवल्या आणि वळणदार अक्षरात लिहिलं: आवक. जावक. बाहेरून येणारी तार आवकमध्ये. आठ मशीनकडे जाणारी तार जावकमध्ये. "हे तं आपलंच टेबल झालं की," ते म्हणाले, आणि आषाढानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

बायका चारला येऊन बसतच होत्या. बाई नसल्या तरी वही काढून जुनं गिरवायच्या. काकांनी त्यांना सगळं उलगडून सांगितलं, "तुमच्या ह्या आठ मशीनले बाहेर कोनी वळखत नाई. म्हून ही नववी मुखत्यार. तुमचा अर्ज ती आपल्या नावानं बाहेर धाडनार, जबाब आपल्या नावानं घेनार, अन् ज्याचा त्याले वाटून देनार."

"कचेरीतल्या शिपायावानी?" रेणुकाबाईनं विचारलं.

"त्याच्याहून इमानदार," काका म्हणाले.

मिसलीत एकूण तीन हुकूम होते. एक, मधल्या मशीननं कागद इकडचा तिकडे जाऊ द्यावा. दोन, आठही मशीनला आपापला नंबर द्यावा. तीन, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मुखत्यारानं आपलं नाव घालावं, आणि हा तिसरा हुकूम कुठल्या कार्डावर लागू करायचा तेही लिहून द्यावं. कागदात म्हटलं होतं, बाहेर जाणाऱ्या कार्डावर. काकांनी मान वर करून आपली चिठ्ठी वाचली. जावक. हुकूम तिथे लावला.

काही चालेना. आठही मशीनना नंबर मिळाले, नवव्या मशीनला त्यांची हाक पोचत होती, तिचं उत्तर येत होतं. पण तिच्यापलीकडे चिटपाखरू हलेना. काकांनी सातही कागदांवरून ओळ न् ओळ बोट फिरवलं. पुन्हा पहिल्यापासून केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे सहा दिवस गेले.

त्या सहा दुपारी माझ्या डोक्यात अजून जशाच्या तशा आहेत. पंखा सावकाश फिरतोय, बायका गिरवतायत, पेन्सिलींचा आवाज. खिडकीबाहेर कापसाला पिवळसर फुलं आलेली, शिळी झालेली गुलाबी पडून खाली गळतायत. काका मशीनपाशी बसून खिडकीतून बाहेर गेलेल्या तारेकडे बघत राहायचे. तार खांबावर चढायची, तिथून पुढच्या खांबावर, आणि काका तिच्याबरोबर हैदराबादेकडे निघायचे. इच्चोडा मागे पडायचं. घाटातलं सागाचं रान यायचं, मग निर्मल. मधूनच ते पुटपुटायचे, "आता गोदावरीच्या पुलावर असन."

"कोण?" मी.

"अर्ज."

मी रागवायला तोंड उघडायची आणि मिटायची. कारण खरं सांगते, त्या खोलीत बसून मलाही तो अर्ज दिसायला लागला होता. पुलावरून सावकाश चाललाय, खाली रुंद पाणी, कुणी अडवत नाही. एकदा डोळा लागला तर दारात बाई उभ्या दिसल्या, हातात खडू. म्हणाल्या काहीच नाहीत. मी जागी झाले तेव्हा सोनाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

स्वप्नांवर दसरा थांबत नाही. त्या आठवड्याच्या शनिवारी मी आदिलाबादहून तो डबा आणलाच आणि कपाटात लपवून ठेवला. सोमवारपर्यंत वाट बघायची, नाही जमलं तर काकांच्या पुढ्यात ठेवायचा. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. बाईंच्या शब्दापेक्षा काकांचा हट्ट मोठा नाही.

सोमवारी चारला मी डबा घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेले. आत सोनाबाई नवव्या मशीनच्या मागे वाकून उभी होती. वाचता यायला लागल्यापासून तिला काही वाचल्याशिवाय राहवत नाही. साबणाचा कागद, बसची पाटी, औषधाची बाटली, काहीही. आता तिला चिठ्ठ्या सापडल्या होत्या.

"आ... व... क," तिनं वाचलं. "जा... व... क. काका, हे कोन जाऊन राह्यलं?"

"नेट," काका म्हणाले. "इकून येते, तिकून तुमच्याकडं जाते."

सोनाबाईनं थोडा विचार केला. "येते ते समजलं. मंग आपलं बोलनं बाईकडं कुठून जाते?"

"कुठून म्हंजे?"

"म्हंजे बाई हैदराबादेत, आपन इथी. आपलं बोलनं घराबाहीर पडाचं तं कोन्त्या दारानं पडते?"

काकांचं बोट उठलं. ते जावककडे निघालं, मध्येच थांबलं, हवेत तसंच राहिलं आणि हळूहळू दुसऱ्या चिठ्ठीवर येऊन टेकलं. "इथून," ते म्हणाले.

"मंग तिथं आवक काऊन लिवलं? आपलं तं तिथूनच जावक हाय."

काका अख्खेच्या अख्खे त्या खोलीत आलेले मी तेव्हा पाहिले. डोळे, कान, सगळे. खुर्चीत मागे टेकले आणि कपाळावर हात मारून घेतला. "चौतीस वर्सं," ते म्हणाले, "चौतीस वर्सं दुसऱ्याच्याच कागदाचं आवक-जावक केलं मी. नेट तं म्या येनारीच गोष्ट धरली. आपल्याले बी इथून काई धाडाचं हाय, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी नखानं खरवडून काढल्या. नव्या पट्ट्या कापल्या आणि पेन सोनाबाईच्या हातात दिलं. तिनं विचारलं, काय लिवू? काका म्हणाले, बाहेरच्या तारेवर 'रस्ता' लिव, आतल्यावर 'घर'. रस्त्यानं माणूस जाते बी आन् येते बी. सोनाबाईला 'रस्ता'तलं जोडाक्षर जड गेलं, पण लिहिलं. मग काकांनी तिसरा हुकूम घराच्या कार्डावरून उचलून रस्त्याच्या कार्डावर ठेवला.

सोनाबाईच्या मशीनवर एक पान वरून खाली सावकाश उघडत गेलं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. "उघडलं," ती म्हणाली, तव्यावर भाकर फुगल्यावर म्हणतात त्या आवाजात. मी हातातला डबा पदराआड घेतला आणि उगाच खोकले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बायका पावणेचारलाच आल्या, धुतलेली लुगडी नेसून, केसांना तेल लावून. ज्या जागी बाईंच्या समोर बसायच्या त्याच जागी त्यांना बसवलं. जिची पाळी तिचाच माइक मी उघडणार, बाकीच्या गप्प, असं दहा वेळा बजावलं. तिकडे जान्हवीनं बाईंना मोठ्या टीव्हीपुढे खुर्चीत बसवलं होतं. त्यांना आठ चौकटी दिसणार, वर चार, खाली चार, जशी बाकं होती तशी.

बरोबर चारला आठही पडद्यांवर बाई आल्या. मी भिंतीशी उभी होते. माझ्यासमोर एकदम आठ बाई. केस पिकलेले, चेहऱ्याची एक बाजू जराशी उतरलेली, डोळे तेच. खोली त्यांनी भरून गेली. मी रेणुकाबाईचा माइक उघडला.

रेणुकाबाईनं वाचलं. आशाबाईनं वाचलं. एक-एक करत आठही जणींनी वहीतली आपापली ओळ वाचली. सोनाबाईनं वाचलं, "माझे नाव सोनाबाई आहे. माझ्या शेतात कापूस आहे." बाई ऐकत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी बोट उचललं आणि एकेका चौकटीवरून फिरवायला लागल्या, हजेरी घेतल्यासारखं. आठव्या चौकटीशी बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून फिरलं. पुन्हा आठव्याशी थांबलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कोणी राहिलं का बाई?" मी रेणुकाबाईचा माइक उघडून विचारलं.

"आमी समद्या हाव बाई," रेणुकाबाई म्हणाली.

बाईंनी मान हलवली. नाही. तोंड उघडलं, मिटलं. जान्हवीचा हात त्यांच्या खांद्यापाशी आला आणि मागे गेला.

"हे," बाई म्हणाल्या.

सत्तर-पंच्याहत्तर दिवसांनी आलेला शब्द. जाड, ओबडधोबड, पण बाईंचा. आणि मग एक-एक अक्षर ओढून आणत, "हे... कुठी... हायत?"

काका कोपऱ्यात नवव्या मशीनशी स्टुलावर बसले होते, तारा निसटू नयेत म्हणून एक हात मागे धरून. त्या मशीनला कॅमेराच नव्हता. आठजणींसाठी आठ कॅमेरे मोजून आणले, बसवले, तपासले, आणि नववा पाहिजे हे काकांना सुचलं नाही, मलाही नाही, हैदराबादेत बसलेल्या त्यांच्या पोरालाही नाही. सुचलं ते जिचा शब्द हरवला होता तिला.

काका जागचे उठेनात. माझ्याकडे बघत होते, परवानगी मागितल्यासारखे.

"काका, उठा!" मी ओरडले. "तुमाले बोलावून राह्यल्या ना!"

सोनाबाई बाकावर सरकली. "या, बसा इथी," ती म्हणाली. काका येऊन तिच्या शेजारी, तिच्या चौकटीत बसले. पडद्यावरच्या बाई त्यांच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, काका आता काहीतरी विचारतील आणि उत्तरही स्वतःच देतील. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

बाईंचं बोट पुन्हा वर आलं. या खेपेला ते एकाच चौकटीकडे गेलं, आणि ओठ जुळवायला त्यांना पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"उसवलं," बाई म्हणाल्या.

काकांच्या शर्टाची डाव्या खांद्यावरची शिवण बोटभर उसवली होती. रोज डोळ्यांसमोर असून ती आम्हा कुणालाच दिसली नव्हती. काकांनी मान वळवून पाहिलं, उसवलेल्या जागी हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.